पाणीघराच्या भिंतीवरची काच

४ सप्टेंबर

वर्गात शेजारी बसलेल्या मुलीने मला विचारलं, "मॅडम, तुम्ही कोणता विषय शिकवणार?" मीही शिकायलाच आले आहे म्हटल्यावर ती इतकी ओशाळली की मलाच तिची समजूत घालावी लागली. एक्कावन्नाव्या वर्षी शिंगं मोडून वासरांत शिरायचं म्हणजे हे होणारच.

आयुष्यभर एका बिल्डरच्या ऑफिसात जिन्यांचे आणि संडासांचे नकाशे काढले. ऑफिस बंद पडलं. ह्यांना पाठीच्या दुखण्याने नोकरी सोडून घरी बसावं लागलं. त्यात ही जाहिरात दिसली: जुन्या वास्तूंच्या जतनाचं प्रशिक्षण, दहा महिने. जो ते नीट पार पाडेल त्याला पाणीघराच्या देखरेखीची नोकरी. आमच्या शिक्षिका, त्यांना सगळे नुसतंच बाई म्हणतात, मुलाखतीत म्हणाल्या होत्या, "त्या जागेवर जरा पोक्त माणूस हवंय." ते वाक्य धरून मी इथवर आले. ही नोकरी मिळाली नाही तर दुसरी कोण देणार मला?

११ सप्टेंबर

पाणीघर आज पहिल्यांदा आतून पाहिलं. एके काळी सगळ्या गावाचं पाणी इथून वर चढायचं. मोठाली यंत्रं अजून उभी आहेत आणि त्यांच्याभोवती भिंतीतून निघालेला लोखंडी सज्जा आहे. आता इथे शाळेच्या मुलांसाठी संग्रहालय होणार, मुलं सज्ज्यावर उभी राहून यंत्रं बघणार. नाव पाणीघर, पण आवारात पाण्याचा एक नळ नाही. सफाईचं काम करणारे मामा खालच्या रस्त्यावरून बादल्या भरून आणतात.

बाईंनी सगळ्यांना हात मागे बांधून फिरायला लावलं. कशालाही हात लावायचा नाही, काही सुचवायचं नाही, फक्त बघायचं आणि जे दिसेल ते लिहायचं. आठवडाभर हेच. माझे हात शिवशिवतात. एक टवका निघालेला दिसला की वाटतं, द्या थोडा चुना, आत्ता बुजवते. बाई म्हणाल्या, "तुम्हाला बरं करायची फार घाई असते. आधी काय होतंय ते तर कळू द्या."

घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बाईंची फी मी भरतो, हे तुला कुणीतरी शिकवायलाच हवं होतं." यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

५ ऑक्टोबर

प्रत्येकाला एकेक दुखणं वाटून दिलं. शेजारची मुलगी, जिला आम्ही फुटपट्टी म्हणतो कारण ती डब्याचं झाकणसुद्धा मोजते, तिला गंजलेले खांब मिळाले. मला मागच्या भिंतीतली भेग. खिडकीच्या कमानीपासून निघून ती तिरकी वर सज्ज्याच्या तुळईपर्यंत जाते. आत बोट जात नाही, पण नाणं जाईल.

प्रश्न एवढाच की भेग मेलेली आहे की जिवंत. मेलेली म्हणजे पूर्वी कधीतरी पडली आणि थांबली. ती बुजवायची आणि विसरायची. जिवंत म्हणजे भिंत अजून हलते आहे. ते ओळखायची रीत मला फार आवडली. भेगेवर आडवी एक पातळ काचेची पट्टी ठेवायची, दोन्ही टोकं प्लास्टरच्या गोळ्यांनी पक्की करायची आणि काचेवर त्या दिवसाची तारीख कोरायची. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. बाकीचे तिला टेलटेल म्हणतात, मी तिला चुगलखोर म्हणते. दर महिन्याच्या एक तारखेला बघून नोंद करायची. कोर्स संपेपर्यंत काच अखंड राहिली तर भेग मेली असं लिहायचं.

शिडीवर चढून मी स्वतः बसवली. खाली उतरताना गुडघे वाजले. ते नोंदवायला रकाना नव्हता.

१ डिसेंबर

काच अखंड. फोटो, नोंद, सही.

थकायला होतं. बसमध्ये उभ्याने झोप लागते. दुपारी वर्गात रसायनांचा तास असतो तेव्हा तर डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. फुटपट्टी माझ्या वहीत चुकलेलं हळूच दुरुस्त करते. पोर चांगली आहे, पण कानामागून येऊन तिखट होणार हे दिसतंच आहे.

आज घरी आल्यावर ह्यांच्या कपाचा कान तुटलेला दिसला. मी लगेच बाजारातून तसाच दुसरा आणला, ह्यांना कळलंही नाही. संध्याकाळी म्हणाले, "तो कप आज हातातून निसटला. बोटांत जोर राहिला नाही बघ." मी म्हटलं, "काही झालेलं नाही, हा काय तुमच्या समोर आहे." ते कपाकडे बघत बसले. माणसाने एवढंही मनाला लावून घेऊ नये.

२२ जानेवारी

बरेच दिवस लिहायला झालं नाही. मध्ये सर्दी होती, मग परीक्षा. आवारात अखेर नवा नळ आला. पाइप मागच्या भिंतीला लागूनच जमिनीखालून आणलाय. आता बादल्या नकोत.

याच दिवसांत एक किरकोळ गोष्ट झाली. सकाळी गेले तर माझी काच तुटलेली. खाली सफाईवाले मामा लांब काठीचा झाडू घेऊन कोळिष्टकं काढत होते. मी विचारलं, मामा, हे काय केलंत? ते म्हणाले, "ताई, मी आलो तेव्हा तुकडे खालीच होते. मीच भरून ठेवले." काठी तिथपर्यंत पोचते हे मला दिसत होतं. माझा आवाज चढला. इतक्या महिन्यांचं काम आहे, तुम्हाला काय त्याचं, असं बरंच बोलले. व्यवस्थापक ऑफिसातून बाहेर आले. त्यांनाही मी सांगितलं की असं चालणार असेल तर इथे काम कसं करायचं. मामा काठी खांबाला टेकवून उभे राहिले.

काच तुटली म्हणजे नोंदी पहिल्यापासून सुरू. मग कोर्स संपेपर्यंत माझा अहवाल पुरा होत नाही, आणि अहवाल नाही तर नोकरी नाही. एका माणसाच्या धांदरटपणापायी हे का व्हावं? मी नवी पट्टी आणली, बसवली, आणि तिच्यावर जुनीच तारीख कोरली. भिंत तर हललेली नाही. मी फक्त झाडूने केलेलं निस्तरलं.

मामांना व्यवस्थापकांनी दुसऱ्या इमारतीत पाठवलं. मी तसं करा म्हटलं नव्हतं.

१ फेब्रुवारी

काच अखंड. फोटो, नोंद, सही.

फुटपट्टी फोटो बघून म्हणाली, "तुमची काच किती स्वच्छ राहते हो. माझ्या खांबांवर दोन दिवसांत धूळ." मी म्हटलं, पुसते. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण मी काही खाल्लेलं नाही.

१९ फेब्रुवारी

मागच्या भिंतीतली खिडकी लागेनाशी झाली. आधी सरळ लागायची, आता वरचा कोपरा चौकटीला घासतो. सुतार रंधा मारून गेला. नोंदीत लिहिलं: हवेतल्या दमटपणामुळे लाकूड फुगलं. हवा तशी कोरडी आहे, पण लाकूड आहे, त्याचं काय सांगावं.

नवा सफाईवाला फरशी धड पुसत नाही. मामा कोपरे सोडत नसत, हे खरं.

१ मार्च

काच अखंड. फोटो, नोंद, सही.

अहवालाचा मसुदा लिहायला घेतला. पहिलंच वाक्य: "सदर भेग मेलेली आहे." बाईंनी वाचून परत दिला, काही खूण केली नाही. त्यांचं मौन म्हणजे पसंती असं सगळे म्हणतात. संग्रहालयाच्या उद्घाटनाची पत्रं छापून आली. जाड कागद, वर यंत्राचं चित्र. ह्यांना एक दाखवलं. हे म्हणाले, "आता तरी आठवड्यातून एक दिवस लवकर येशील घरी." मी म्हटलं, नोकरी लागली की बघू.

१५ मार्च

फरशीला पॉलिश करायचं म्हणून आठवडाभर पाणीघर बंद होतं. पॉलिशवाल्यांचं काम पुढच्या दालनात होतं, यंत्रांच्या दालनाला कुलूप आणि किल्ली बाईंकडे. आज दुपारी बाईंनी कुलूप काढून दिलं. मी एकटीच आत गेले.

काच तुटली आहे.

झाडू नाही, शिडी नाही, माणूस नाही. तुकडे खाली फरशीवर पडलेले. मी ते गोळा केले. गोळा करताना आठवलं की मामांनीही असेच भरून ठेवले होते.

पहिला विचार आला तो असा की काचच खराब असेल. दुसरा विचार: प्लास्टर ओलं असताना बसवली असेल. मग त्या घासणाऱ्या खिडकीकडे लक्ष गेलं आणि पुढचा विचार मी केला नाही. पिशवीत एक पट्टी शिल्लक होती. बाहेरून शिडी आणून लावली, वर चढले, पट्टी भेगेवर धरली. तारीख कोरायला खिळा हातात घेतला. कुठली तारीख?

किती वेळ शिडीवर होते कोण जाणे. पट्टी तशीच पिशवीत घालून खाली उतरले. तुकडे रुमालात बांधून घरी आणलेत. बाई समोरून आल्या तर त्यांना म्हटलं, डोकं दुखतंय.

उद्या सांगेन. उद्या शनिवार, बाई नसतात. सोमवारी सांगेन.

१७ मार्च

हे विचारतात काय झालं. काही नाही म्हटलं. हे म्हणाले, "तुझं काही नाही म्हणजे काहीतरी नवीन आणून जागेवर ठेवलंस." मी चिडले. मग सांगितलं सगळं.  हे म्हणाले, "त्या माणसाचं काय झालं, झाडूवाल्याचं?" मी त्यांना भिंतीचं सांगत होते, नोकरीचं सांगत होते, आणि ह्यांनी विचारलं ते हे.

रडायलाही अंगात त्राण लागतं. तेही नाही. सगळं गिळून अहवाल दिला तर कुणालाच कळणार नाही, हेही मनात येऊन गेलं. येऊन गेलं म्हणजे काय, मुक्कामालाच आहे.

१८ मार्च

सकाळी दारातच फुटपट्टी भेटली. उद्घाटनाआधी एका शाळेची मुलं आज अकरा वाजता सज्ज्यावर चढून बघणार होती, कुठे गर्दी होते ते कळावं म्हणून. मी तशीच बाईंच्या खोलीत गेले आणि रुमाल टेबलावर सोडला.

बाईंना सगळं सांगितलं. पहिली काच, दुसरी काच, जुनी तारीख.  फोन उचलून त्यांनी शाळेला नको म्हणून कळवलं, मग कुणालातरी टेकू घेऊन यायला सांगितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "पहिली केव्हा तुटली?"

"जानेवारीत."

"जानेवारीत केव्हा? नवा नळ सुरू झाला त्याच्या आधी की नंतर?"

मला आठवेना. बाईंनी न चिडता समजावलं आणि ते जास्त झोंबलं. नळ चौदा तारखेला सुरू झाला, त्याची नोंद आहे. काच नळानंतर तुटली असेल तर दोष पाइपचा. कुठेतरी गळून पायाखालची माती वाहते आहे, तो बंद केला की भिंत थांबेल. पण आधीच तुटली असेल तर पाइपचा संबंध नाही, पायाच खचतो आहे. मग आख्खी भिंत उचलून धरून खालून नवा आधार द्यावा लागेल. "दोन्हीकडे एकदम खणता येत नाही. चुकीच्या ठिकाणी खणलं तर भिंत आपणच पाडू. त्या काचेने आपल्याला तारीख सांगितली होती, आणि तुम्ही ती..." 

घरी येऊन ही दैनंदिनी उघडली. बावीस जानेवारीचं पान. "याच दिवसांत एक किरकोळ गोष्ट झाली." नळाचंही लिहिलंय, काचेचंही लिहिलंय, तारीख कशालाच नाही. व्यवस्थापकांना विचारलं होतं. मामांची बदली कागदावर महिन्याच्या अखेरीची आहे, बाकी त्यांनाही आठवत नाही.

१९ मार्च

मामांना हल्ली एका उंच नव्या इमारतीच्या तळघरात काम आहे. गाड्या उभ्या करायची जागा झाडत होते. मला बघून झाडू बाजूला ठेवला. "या ताई. बसायला काही नाही इथे."

मी उभ्यानेच विचारलं. त्या दिवशी, काच तुटली त्या दिवशी, तारीख कोणती होती, आठवते का?

"अकरा. गुरुवार," ते म्हणाले. थांबलेसुद्धा नाहीत.

इतकं पक्कं कसं, असं मी विचारलं. बाई विचारणार म्हणून विचारलं, तरी विचारायला नको होतं.

"माझी सून आली होती त्या दिवशी. नवी सून. बारा तारखेला तिची नोकरी सुरू होणार होती, मग कुठली सवड? म्हणून आदल्या दिवशी म्हटलं, चल, मी कुठे काम करतो ते दाखवतो. ती मोठी यंत्रं तिला बघायची होती. तुम्ही बोलत होता तेव्हा ती खांबामागे उभी होती."

मी खांबाकडे पाहिलंच नव्हतं. चुकलं माझं मामा, असं म्हटलं. काच त्यांनी तोडली नव्हती, भिंत हलत होती, तुकडे आधीच पडलेले होते हे त्यांनी सांगितलं तेच खरं होतं, हेही म्हटलं.

"तुम्हाला तारीख कशी आठवणार?" मामा म्हणाले. रागाने नव्हे. "बोलणी तुम्ही दिलीत, खाल्ली मी. लक्षात खाणाऱ्याच्या राहतं."

व्यवस्थापकांना सांगून परत बोलावते म्हटलं, तर म्हणाले नको. इथे काही तुटलं तर तुटलं म्हणतात, कुणी तोडलं ते विचारत नाहीत. मग त्यांनी विचारलं, "भिंत पडेल का हो?" टेकू लावलेत, पडणार नाही, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि झाडू पुन्हा हातात घेतला. मी निघाले तर मागून म्हणाले, "ताई, एक काम कराल? सुनेला एवढं सांगाल का, की ते मी केलेलं नव्हतं? मी त्याच दिवशी सांगितलं होतं. पण मी सांगणं वेगळं."

२३ मार्च

अकरा तारीख म्हणजे नळाच्या आधी. दोष पाइपचा नाही, पाया खचतो आहे. आज भिंतीच्या आतल्या बाजूने टेकूंची रांग उभी राहिली. उद्घाटन रद्द. ती जाड पत्रं ऑफिसात गठ्ठ्याने पडून आहेत, मागची कोरी बाजू हिशेबाला वापरतात. भिंत उचलून धरायला वर्ष जाईल, कदाचित दोन.

शनिवार असूनही बाई आल्या होत्या. मला बोलावून त्यांनी सांगितलं की प्रमाणपत्रावर त्या सही करणार नाहीत. "सांगितलंत ते बरं केलंत. पण देखरेखीच्या जागेवर मी तुम्हाला बसवू शकत नाही." मी म्हटलं, मीही बसवलं नसतं. जागा फुटपट्टीला मिळेल. ती माझ्याजवळ येऊन काही बोलायला बघत होती, तिला म्हटलं, तू धूळ बरोबर ओळखली होतीस. तिला रडू आलं. माझं मेलं रडू अजून येत नाही. नुसती थकले आहे, हाडांपर्यंत.

ह्यांना नोकरी गेल्याचं सांगितलं. हे म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "उद्या कितीला निघायचं त्या मामांकडे? मी येतो." पाठीने बसमध्ये बसवत नाही त्यांना. मी नको म्हटलं नाही.

२४ मार्च

मामांचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात हे दोनदा थांबले. दार सुनेनेच उघडलं. भांडी घासत होती, हात साबणाचे. चोवीसेक वर्षांची असेल. मी कोण ते सांगितलं, तेव्हा तिने मला ओळखलं असावं, कारण आत या म्हणाली नाही.

मग दारातच सांगितलं. सासऱ्यांनी काच तोडली नव्हती. मी तेव्हा जे बोलले ते खोटं होतं. त्यांनी तिथल्या तिथे मला खरं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्यांची बदली माझ्यामुळे झाली. आणि ती भिंत मुलांच्या अंगावर पडली नाही ती मामांनी तारीख लक्षात ठेवली म्हणून, असं मी म्हणणार होते, पण ते तितकंसं खरं नव्हतं, म्हणून म्हटलं नाही.

मामा आत पलंगावर बसले होते. जमिनीकडे बघत होते.

सुनेने हात पुसले. मग आतल्या खोलीकडे वळून म्हणाली, "अहो, बाहेर या. आईंनाही बोलवा." तिचा नवरा आला, मागून मामांची बायको आली. पलीकडच्या दारातली शेजारीणही येऊन उभी राहिली, तिला कुणी जा म्हटलं नाही. सून बाजूला सरकली आणि मला म्हणाली, "आता सांगा. पहिल्यापासून."

हे माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभे होते. मी पहिल्यापासून सांगितलं.